बाबा, लोथार आता वेताळ झालाय!

गेल्या महिन्यात बाबा सोलापूरहून माझ्याकडे पुण्याला आले. सोबत एकच पिशवी. पिशवीत शेंगा चटणीचे दोन डबे, कडक भाकरींची चवड आणि डॉक्टरांची फाइल. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ऑपरेशन काय, अर्ध्या तासात आटोपलं. पण त्यानंतरचे काही दिवस टीव्ही नाही, मोबाइल नाही, पेपर नाही! आता ज्या माणसाला सकाळी पेपर हातात पडल्याशिवाय चहा गोड लागत नाही, त्यानं या दिवसांत करायचं काय, सांगा बरं?

पहिला दिवस त्यांनी माझ्या फ्लॅटमधल्या पंख्याला, नळाला आणि माझ्या झोपेच्या वेळांना नावं ठेवण्यात काढला. दुसऱ्या दिवशी काळा गॉगल लावून हॉलमध्ये एखाद्या साउथच्या पिक्चरमधल्या डॉनसारखे बसले आणि म्हणाले, "काहीतरी वाच गं मोठ्यानं. काहीही चालेल."

माझ्या टेबलावर होता कॉमिक्सचा ढीग. याच कॉलमसाठी जमवलेला. विषय आधीच ठरला होता... जुन्या, क्लासिक कॉमिक्सना पुन्हा जिवंत करणारी किंवा त्यांची मस्त फिरकी घेणारी नवी पुस्तकं. त्यातलं 'किंग्ज वॉच' मी उचललं. कारण साधं होतं. त्यात वेताळ होता.

ज्यांना वेताळ म्हटल्यावर फक्त विक्रम आठवतो आणि चांदोबातलं ते झाडावरचं प्रेत डोळ्यासमोर येतं, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा वेताळ म्हणजे फँटम. चालता बोलता झपाटलेला, अंगाला घट्ट पोशाख, डोळ्यांवर मास्क, हातात खोपडीची अंगठी. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकानं त्याला १९३६ साली जन्माला घातलं. त्याआधी दोन वर्षं, म्हणजे १९३४ साली, त्याच ली फॉकनं जादूगार मँड्रेक काढला होता. आपल्याकडे हे दोघं आले ते इंद्रजाल कॉमिक्समधून. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनानं १९६४ साली ही मालिका सुरू केली, ती १९९० पर्यंत चालली. इंग्रजी, हिंदीबरोबर मराठीतही निघायची. आपल्या आईबाबांच्या पिढीला विचारा. 'इंद्रजाल' एवढा शब्द उच्चारलात की समोरचा रिटायर्ड हेडक्लार्कसुद्धा दहा वर्षांचा होतो. गंमत म्हणजे मूळ कॉमिकमध्ये फँटमच्या देशाचं नाव 'बेंगाली'च्या जवळपासचं होतं. ते वाचून आपल्या लोकांचा बंगालशी घोळ होईल, म्हणून इथे ते बदलून 'डेंकाली' केलं गेलं. म्हणजे बाबा लहानपणी ज्या देशात रोज दुपारी जाऊन यायचे, तो देश खास भारतीय वाचकांसाठी तयार केलेला होता!

बाबांकडे इंद्रजालचे शंभरेक अंक होते. रेक्झिनमध्ये बाइंड केलेले, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेले.

होते. आता नाहीत. कारण ते मी विकले.

हे मी आजपर्यंत कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे आता एकदाचं लिहूनच टाकते. मी बारावीत होते. आम्ही भाड्याचं घर सोडून दुसरीकडे चाललो होतो. बाबा ऑफिसात, आई नव्या घरी. रद्दीवाला दारात आला आणि मी पेपरच्या गठ्ठ्यांबरोबर ट्रंकही रिकामी केली. एकशे चाळीस रुपये मिळाले. त्यातून मी मोबाइलचं रिचार्ज मारलं. संध्याकाळी बाबांनी ट्रंक उघडली, बंद केली, 'बरं' म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. त्यानंतर आमच्या घरात इंद्रजालचा विषय निघाला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं. आज जुन्या अंकांसाठी संग्राहक काय किंमत मोजतात ते बघितलं की पोटात गोळा येतो, पण तो पैशांचा नाही.

तर... 'किंग्ज वॉच'. लेखक जेफ पार्कर, चित्रकार मार्क लेमिंग. २०१३ ते १४ मध्ये पाच अंकांत आलेलं, आता एका पुस्तकात मिळतं. आयडिया भन्नाट आहे. फँटम, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन तिघं एकाच गोष्टीत! आकाशात विचित्र उजेड दिसायला लागतो, जगभरातल्या माणसांना भयानक राक्षसी प्राण्यांची स्वप्नं पडायला लागतात आणि मँड्रेकचा जुना दुश्मन कोब्रा मंगो ग्रहावरच्या मिंगला पृथ्वीचा दरवाजा उघडून द्यायच्या खटपटीत असतो. यातला फँटम आता थकलाय, दाढी पिकलीय. फ्लॅश म्हणजे आगाऊ स्टंटबाज पोरगा. प्रोफेसर झारकॉव्ह बाटलीतच जास्त रमतो.

मी इंग्रजी वाचत होते आणि तिथल्या तिथे मराठी करून सांगत होते. चित्रं तर बाबांना दिसत नव्हती. मग मी वर्णन करायला लागले, "आता वेताळ जंगलातून येतोय, मागे लांडगा आहे..." बाबा लगेच, "डेव्हिल! लोक त्याला कुत्रा म्हणतात, तो लांडगा आहे." मी म्हटलं, "बरोबर." चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वाचलेलं इतकं पाठ! मला गेल्या आठवड्यात दिलेली प्रेस रिलीज आठवत नाही.

आता पुढे स्पॉइलर आहे. ज्यांना नकोय त्यांनी एक परिच्छेद उडी मारा. शेवटी फँटम मरतो. खोपडीची अंगठी ज्याच्याकडे जाते तो फँटमचा मुलगा नसतो, तर लोथार असतो. होय, मँड्रेकचा लोथार! सिरियसली! त्यानंतर २०१५ साली आलेल्या 'किंग : द फँटम' या चार अंकांच्या मालिकेत (लेखक ब्रायन क्लेव्हिंजर, चित्रकार ब्रेंट शूनोव्हर) खरा वारस सापडेपर्यंत लोथारच फँटमचा मास्क लावून फिरतो.

ज्यांनी जुनं मँड्रेक बघितलंय त्यांना यातली मेख कळेल. लोथार हा आफ्रिकेतला राजपुत्र. सात राष्ट्रांच्या संघाचा. पण १९३४ च्या पट्ट्यांमध्ये तो अंगावर बिबळ्याचं कातडं, डोक्यावर फेज टोपी घालून मँड्रेकच्या मागे मागे फिरायचा आणि मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. राजपुत्र असून नोकर! १९६५ साली फ्रेड फ्रेडरिक्स हा नवा चित्रकार आला तेव्हा कुठे त्याला बरे कपडे आणि धड वाक्यं मिळाली. आणि फँटमचं तरी वेगळं काय होतं? आफ्रिकेच्या जंगलात पिढ्यानपिढ्या एक गोरा माणूस न्यायनिवाडा करतोय आणि सगळ्या टोळ्या त्याला मान देतायत. लहानपणी कुणाला खटकलं असेल? बाबांना नव्हतं. मला मोठेपणी खटकलं आणि कॉलेजात असताना मी बाबांना त्यावर एक लेक्चरही झोडलं होतं. मास कॉमच्या पहिल्या वर्षातली मुलं किती डोक्यात जातात हे तुम्हाला माहीतच आहे. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "असेल बाई."

'किंग्ज वॉच' लेक्चर झोडत नाही. अंगठी सरळ लोथारच्या हातात देतं आणि गोष्ट पुढे नेतं. मी वाचून थांबले. बाबांचा चेहरा गॉगलमागे, काही कळेना. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मग आता मँड्रेकचं सामान कोण उचलणार?"

मी हसायला लागले. ते हसले नाहीत. म्हणाले, "अगं खरंच. तो काहीच बोलायचा नाही. मँड्रेक नुसते हात हलवायचा आणि गुंडांना उचलून आपटायचं काम याचं. आम्ही गल्लीत खेळायचो ना, तेव्हा लोथार कुणालाच व्हायचं नसायचं. मग जो सगळ्यात काळा आणि दांडगा असेल त्याला करायचे." थोडं थांबून, "बहुतेक वेळा मीच असायचो."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. माझ्या त्या कॉलेजच्या लेक्चरच्या वेळीही ते बोलले नव्हते.

त्यानंतर मी पानं मागे उलटून लोथारला अंगठी मिळते तो प्रसंग त्यांना पुन्हा वाचून दाखवला. त्यांनीच सांगितलं म्हणून.

असो. बाबा दुपारी झोपले की मी बाकीचा ढीग उपसत होते. एक गोष्ट आधीच सांगते, जुन्या हिरोला नवा रंग मारून, चकचकीत कागदावर छापून दुप्पट किमतीला विकणारी पुस्तकं मी बाजूला ठेवली. नॉस्टॅल्जियाचा धंदा जोरात आहे, आपणही सगळे त्याचे गिऱ्हाईक आहोत, पण एवढी महागाई असताना नुसत्या उसाश्यांवर पैसे घालवायचे म्हणजे फारच झालं. मला ती पुस्तकं आवडली जी मूळ कॉमिकशी भांडतात, किंवा निदान त्याची टिंगल करण्याइतपत त्याच्यावर प्रेम करतात.

आधी तुमच्यासाठी... म्हणजे सकाळी नऊला कंपनीच्या बसमध्ये पेंगणाऱ्या, अप्रेझलच्या नावानं ॲसिडिटी होणाऱ्या तमाम मंडळींसाठी. 'झोम्बी कॉफी' घ्याच! फ्रेंच चित्रकार रेजी लोइजेलनं काढलेला हा मिकी माउस आहे, मूळ फ्रेंच २०१६ साली आलं, इंग्रजी फँटाग्राफिक्सनं २०२२ मध्ये काढलं. मिकी म्हटलं की आपल्याला तो गुळगुळीत, हसरा, टिफिनच्या डब्यावरचा उंदीर आठवतो. पण १९३० पासून फ्लॉइड गॉटफ्रेडसन वर्तमानपत्रात मिकीची जी रोजची पट्टी काढायचा, त्यातला मिकी डेंजर होता. भांडणारा, धडपडणारा, खिसा रिकामा असलेला. लोइजेल त्या मिकीकडे परत जातो. पुस्तकाचा आकारसुद्धा आडवा, जुन्या पट्ट्यांसारखा. काळ महामंदीचा. मिकी आणि त्याचा दोस्त हॉरेस काम शोधून शोधून दमतात, शेवटी सगळे मिळून सुट्टीवर जातात. परत येऊन बघतात तर काय, वस्तीतले लोक एक भलतीच कॉफी पिऊन झोम्बी झालेत! मान खाली घालून, तक्रार न करता राबतायत. आणि काम कसलं? स्वतःचीच घरं पाडून एका धनाढ्य माणसासाठी गोल्फ कोर्स बांधायचं! आमच्या जुन्या ऑफिसात पॅन्ट्रीतली कॉफी फुकट होती आणि रात्री अकरापर्यंत चालू असायची. मी हे पुस्तक वाचल्यापासून त्या मशीनबद्दल मला फार शंका यायला लागल्यात.

मिकीचंच आणखी एक, लुई ट्रोंडहाइम आणि निकोला केरामिदास यांचं 'मिकीज क्रेझिएस्ट ॲडव्हेंचर्स'. हे दोघं थाप मारतात की जुन्या बाजारात आम्हाला १९६० च्या दशकातलं एक विसरलेलं मासिक सापडलं, त्यातलीच ही पानं. पण सगळी पानं मिळाली नाहीत हो! त्यामुळे मिकी आणि डोनाल्ड एका पानावर मरता मरता वाचतात आणि पुढच्या पानावर भलत्याच संकटात असतात. मधलं काय झालं ते तुम्हीच ठरवा. पानांवर डाग पाडलेत, रंग उडवलेत. रद्दीच्या दुकानातून एक-दोन अंक गायब असलेली मालिका आणून वाचण्यातली मजा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे जाम आवडेल. मला वाचताना थोडं टोचलं, का ते तुम्हाला कळलंच असेल.

ढिगातलं सगळ्यात सरस पुस्तक मात्र 'द फ्लिंटस्टोन्स'. २०१६-१७ मध्ये डीसीनं काढलेले बारा अंक, लेखक मार्क रसेल, चित्रकार स्टीव्ह प्यू. कार्टून नेटवर्कवर शाळेतून आल्या आल्या बघायचो तेच हे अश्मयुगातलं कुटुंब. मूळ मालिका अमेरिकेत १९६० ते १९६६ चालली. त्यात डायनासोर म्हणजे क्रेन आणि हत्तीची सोंड म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, हा सगळा जोक होता. रसेल तो जोक घेतो आणि विचारतो, बरं, मग त्या हत्तीला काय वाटत असेल? रात्री घरातले झोपले की कपाटाच्या अंधारात व्हॅक्यूम क्लीनर झालेला हत्ती आणि बोलिंगचा चेंडू झालेला आर्माडिलो एकमेकांशी गप्पा मारतात. एवढंच. पण ती पानं वाचून मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. दगडाच्या खाणीचा मालक मिस्टर स्लेट स्वस्तात मजूर मिळावेत म्हणून निअँडरथल लोकांना फ्रेडबरोबर शहर दाखवायला पाठवतो. लग्न ही नवीनच निघालेली, लोकांना पचत नसलेली फॅशन असते. आणि फ्रेड आणि बार्नी हे लढाईतून परतलेले सैनिक असतात... ज्या लढाईत झाडांवर राहणाऱ्या लोकांना हुसकून, मारून त्यांच्या जागेवर बेडरॉक शहर उभं राहिलं. 'याबा डाबा डू' आठवतंय ना? इथे ती माजी सैनिकांना मन शांत करायला शिकवलेली अर्थहीन अक्षरं आहेत. लहानपणी आपण सोफ्यावर उड्या मारत ओरडायचो ते! आता मला तसं ओरडता येणार नाही.

सगळंच इतकं जड नकोय? मग ॲस्टरिक्स. रने गोसिनी १९७७ साली गेला, अल्बेर उदेर्झो २०२० साली. पण गॉलवासीयांचं ते गाव चालूच आहे. चित्रं २०१३ पासून दिदिए काँराद काढतोय. २०२३ चा 'ॲस्टरिक्स अँड द व्हाइट आयरिस' हा चाळिसावा अल्बम फाबकारोनं लिहिला आणि तो एचआर डिपार्टमेंटला भेट द्यावा असा आहे. सीझरच्या सैन्याचा मुख्य वैद्य पॉझिटिव्ह थिंकिंगचा गुरू बनून गावात घुसतो. बघता बघता कोळ्याकडे ताजे मासे मिळायला लागतात, मारामाऱ्या बंद, सगळे एकमेकांशी गोड गोड! ॲस्टरिक्सला घाम फुटतो. परवाच आमच्या एका मैत्रिणीच्या कंपनीत 'माइंडफुलनेस मंडे' सुरू झालाय, आणि पगारवाढ पुढच्या क्वार्टरला ढकललीय. तिला हेच पुस्तक वाढदिवसाला दिलं. फक्त, गोसिनीच्या काळातली धार शोधायला जाऊ नका. शेवट जरा घाईत गुंडाळलाय.

आर. सिकोरियाक हा माणूस तर वेगळाच वल्ली आहे. 'मास्टरपीस कॉमिक्स' (२००९) मध्ये त्यानं दोस्तोयव्हस्कीचं 'क्राइम अँड पनिशमेंट' जुन्या बॅटमनच्या थाटात काढलं आणि काफ्काचा झुरळ झालेला नायक 'पीनट्स'मधल्या चार्ली ब्राऊनसारखा! २०१७ मध्ये कहर केला. आयट्यून्सच्या टर्म्स अँड कंडिशन्स, तेच सुमारे वीस हजार शब्द जे आपण कुणीही न वाचता 'आय ॲग्री' दाबतो, जसेच्या तसे कॉमिकमध्ये उतरवले. प्रत्येक पान वेगळ्या कॉमिक्सच्या शैलीत, आणि प्रत्येक पानावर हिरो म्हणून स्टीव्ह जॉब्ज. वाचून संपत नाही, चाळून मजा येते. कोणतं पान कुणाची नक्कल आहे हे ओळखायचा खेळ ऑफिसच्या लंच टाइमला खेळा.

आर्चीवाल्यांसाठी 'आफ्टरलाइफ विथ आर्ची'. २०१३ पासून आलेली ही मालिका रॉबर्टो अगिरे-सकासानं लिहिली आणि फ्रान्सेस्को फ्रँकाव्हिलानं काळ्या-नारिंगी रंगांत जी काय काढलीय ना, सही! जगहेडचा कुत्रा गाडीखाली येतो, सब्रिना जादूनं त्याला परत आणते, तो जगहेडला चावतो आणि रिव्हरडेलमध्ये झोम्बींचा सुळसुळाट. १९४१ पासून बर्गर खात बसलेला जगहेड शेवटी माणसं खायला लागतो. एकच तक्रार, २०१६ साली दहाव्या अंकानंतर मालिका रखडली ती रखडलीच. अर्धवट सोडलेल्या गोष्टींचा ज्यांना त्रास होतो त्यांनी जपून.

आणि आपल्या घरचं काय? मुंबईच्या अभिजीत किणीची 'अँग्री मावशी' शोधा. किणी म्हणजे 'टिंकल'मधल्या बटरफिंगर्सची चित्रं काढणारा. २०१२ साली त्यानं ही मावशी आणली. साडी नेसलेली, हातात बंदूक, आणि समोर मुंबईतले भ्रष्ट नेते. अमेरिकन सुपरहिरोच्या सगळ्या पोझेस तिच्या अंगात आहेत आणि तोंड मात्र आपल्या चाळीतल्या नळावरचं. मराठी घरातली मावशी सुपरहिरो व्हायला पोशाख बदलायची गरज नाही, हे कुणाला तरी सुचायलाच हवं होतं!

बाबांची पट्टी निघाली, गॉगल उरला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी थोडं वाचायला परवानगी दिली. घरी येताना रिक्षात मी धीर करून म्हटलं, "बाबा, ती ट्रंक... रद्दीवाल्याला मी दिली होती."

"माहितीय," ते म्हणाले. "मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो त्याच्याकडे. माल पुढे गेला होता." मग रिक्षावाल्याला म्हणाले, "डावीकडून घ्या हो, पुढे खड्डे आहेत."

घरी आल्यावर त्यांनी 'किंग्ज वॉच' उजेडाकडे धरलं आणि एका डोळ्यानं चित्रं बघत बसले. इंग्रजी अडलं की विचारत होते. लोथारच्या पानावर बराच वेळ होते. चहा गार झाला.

"पुढचा भाग कधी येतो?" त्यांनी विचारलं.

"येऊन दहा वर्षं झाली बाबा. मागवलाय, शुक्रवारपर्यंत येईल."

"मग मी शनिवारची गाडी धरतो," ते म्हणाले.